धसईच्या गल्ल्याचा हिशेब सातासमुद्रापार कशाला?

मुरबाड तालुक्यातले धसई हे बाजारपेठेचे गाव काही वर्षांपूर्वी एकाएकी सगळ्या वर्तमानपत्रांत झळकले. नोटाबंदीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार धसईला आले आणि हे महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव असल्याचे जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने यात पुढाकार घेतला होता आणि बँक ऑफ बडोदाने कार्ड घासण्याची मशीने पुरवली होती. किराणावाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत दुकानदारांकडे मशीन आले. कॅमेरेवाले आले, फोटो निघाले आणि सगळे आपापल्या घरी गेले.

पुढे काय झाले ते आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. चलनात नोटा परत आल्या तसा धसईचा बाजारही बराचसा रोखीवर परत आला. दोष दुकानदाराचा नव्हता. त्या काळच्या नियमाप्रमाणे डेबिट कार्डावर २,००० रुपयांपर्यंत पाऊण टक्का आणि त्यावर एक टक्क्यापर्यंत कटौती लागायची. नोटाबंदीच्या दिवसांत ती तात्पुरती माफ किंवा कमी झाली, पण सवलत संपली की काय, ही धास्ती होतीच. कापडात किंवा किराण्यात जिथे चार-पाच टक्क्यांवर धंदा चालतो, तिथे एक टक्का म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. शिवाय नेटवर्क! डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूला ज्याने भर पावसात मोबाईल हातात धरून उभे राहून पाहिले आहे, त्याला अधिक सांगायला नको.

या सगळ्या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. गिऱ्हाईकाने कार्ड घासले, पावती निघाली. पण त्या व्यवहाराची नोंद गेली कुठे आणि राहिली कोणाकडे?

मशीनमधून निघालेली खबर आधी दुकानदाराच्या बँकेकडे जाते, तिथून कार्ड कंपनीच्या जाळ्यात, तिथून गिऱ्हाईकाच्या बँकेकडे, आणि 'हो, पैसे आहेत' हा जबाब त्याच वाटेने परत येतो. हे सारे चार-पाच सेकंदांत घडते. कार्ड 'रुपे'चे असेल तर मधले जाळे मुंबईतल्या राष्ट्रीय देयक निगमाचे, म्हणजे देशी. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचे असेल तर कंपनी अमेरिकन. कोणी, कधी, कुठे आणि किती रुपयांची खरेदी केली याची नोंद भारतातच ठेवावी असा कोणताही नियम २०१६ साली नव्हता. म्हणजे धसईच्या गल्ल्याचा हिशेब खुशाल अमेरिकेत जमा होऊ शकत होता.

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. पैसे चुकते करण्याच्या व्यवहारांची सगळी माहिती फक्त भारतातच साठवावी, असा हुकूम झाला आणि सहा महिन्यांची मुदत दिली गेली. परदेशी कंपन्यांनी बरीच धावपळ केली. अमेरिकी सरकारच्या व्यापार अहवालात हा नियम व्यापारातला अडथळा म्हणून नोंदला गेला. रिझर्व्ह बँक हटली नाही. तिने पुढे एवढाच खुलासा केला की व्यवहाराची प्रक्रिया परदेशात झाली तरी चालेल, पण तिथली नोंद २४ तासांच्या आत किंवा कामकाजाच्या एका दिवसात पुसून भारतात आणली पाहिजे. ज्यांनी पुरते पालन केले नाही त्यांच्यावर २०२१ मध्ये कारवाई झाली. अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लबला मे महिन्यापासून व मास्टरकार्डला २२ जुलैपासून नवीन गिऱ्हाईक घेण्याची बंदी झाली. जुनी कार्डे चालू राहिली. मास्टरकार्डवरची बंदी उठायला जून २०२२ उजाडला. एवढ्या बड्या कंपनीला जवळपास वर्षभर दारात उभे ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती.

आता कोणी म्हणेल, आमच्या पाचशे रुपयांच्या लुगड्याची नोंद अमेरिकेत राहिली काय अन् मुंबईत राहिली काय, आमचे काय बिघडले? कापडवाल्याला हा प्रश्न पडू नये. आपल्या धंद्यात भांडवल दोन प्रकारचे असते. एक गल्ल्यात असते, दुसरे डोक्यात. लग्नसराईत कोणत्या गावाला कोणता रंग चालतो, म्हशाच्या यात्रेच्या वेळी घोंगड्यांचा आणि चादरींचा भाव किती चढतो, कोणत्या घराची उधारी भात विकल्यावर हमखास फिटते आणि कोणाची फिटत नाही, हे सारे वीस-पंचवीस वर्षे गादीवर बसून कळते. सुरतेचा व्यापारी आपल्याला माल उधार देतो तो या जाणकारीच्या भरवशावर. ही जाणकारी आता मशीनमध्ये जमा होते आणि ज्याच्या हाती मशीन त्याच्या हाती ती जाते. त्याला ना गादीवर बसावे लागते, ना उधारी द्यावी लागते.

हे हवेतले बोलणे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ॲमेझॉन कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून एक मोठी बातमी दिली. कंपनीच्या भारतातल्या माणसांनी बाजारात कोणता माल खपतो, गिऱ्हाईक काय परत करते याचा अभ्यास करून स्वतःचा तसाच माल काढण्याचा बेत केल्याचे त्यात म्हटले होते. त्यात आपल्या कामाचा मासला शर्टाचा आहे. 'जॉन मिलर' या देशी छापाच्या शर्टाचे माप, अगदी गळ्याचा घेर आणि बाहीची लांबी, कंपनीने आपल्या शर्टासाठी उचलल्याचे त्या बातमीत होते. कंपनीने आरोप साफ नाकारला. खरेखोटे ठरवणे आपले काम नाही. पण पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, याच कंपनीने युरोपीय आयोगाला लेखी हमी दिली की तिथल्या विक्रेत्यांची गुप्त माहिती ती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही. युरोपात हमी द्यावी लागली, याचा अर्थ भीती निराधार नव्हती. भिवंडीच्या गोदामांतून या कंपन्यांच्या गाड्या रोज आपल्या दारावरून जातात. त्या गाडीत जे खोके असते त्याची किंमत हजार रुपये असेल. खोके कुठे, कधी, कोणी मागवले याची किंमत त्याहून जास्त आहे, कारण ती पुन्हा पुन्हा वसूल होते.

दुसरे उदाहरण शीन या चिनी मुळाच्या कंपनीचे. बायका-मुलींचे स्वस्त तयार कपडे विकणारी ही कंपनी. तिची पद्धत आपल्या उलट आहे. आपण आधी माल भरतो आणि मग गिऱ्हाईकाची वाट पाहतो. ती मोबाईलवर मुली कोणत्या चित्रावर किती वेळ थांबतात ते पाहते, एखाद्या नगाचे शंभर-दोनशे कपडे चीनमधल्या छोट्या कारखान्यांत शिवून घेते, खपला तर आणखी शिवते, नाही तर सोडून देते. पडून राहणारा माल फारच थोडा. जून २०२० मध्ये लडाखच्या चकमकीनंतर भारत सरकारने ५९ चिनी ॲप बंद केले, त्यात टिकटॉकबरोबर शीनही होते. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ते नाव रिलायन्स रिटेलच्या मार्फत परत आले. अट मात्र अशी की माल भारतात बनणार, ॲप भारतातल्या यंत्रणेवर चालणार आणि गिऱ्हाईकांची माहिती शीनला पाहता येणार नाही. वाणिज्यमंत्र्यांनी तसे संसदेत सांगितले. म्हणजे सरकारलाही पटले की कपड्यापेक्षा कपड्यामागची खबर मोलाची आहे. पण आपल्या दुकानदाराला यात काय मिळाले? चिनी माणसाच्या हातून जाणकारी सुटली ती मुंबईच्या बड्या घराण्याच्या हाती गेली. शहापूरच्या बाजारपेठेतल्या कापडवाल्यासाठी दोघेही तितकेच दूर आहेत.

खबर समुद्र ओलांडून येते आणि बाजार हलवते, ही गोष्ट तशी जुनीच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची खबर आली आणि भाव कोसळले, जुलैत शेअर बाजार बुडाला, बड्या बड्या पेढ्यांची दिवाळी निघाली. १८७० मध्ये मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्राखालची तार पडली आणि लंडनचा भाव काही तासांत मुंबईत कळू लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर येऊ लागले, तेव्हा लोकांनी त्या आकड्यांवर जुगार लावायला सुरुवात केली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे आकडे यायचे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायची युक्ती निघाली. आपल्या गावोगावच्या मटक्याचे मूळ हे आहे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द कापसाच्या बाजारातले. घरे मात्र आपली बुडाली. असो.

आजही मुंबईच्या किनाऱ्यावर अशाच तारा येऊन लागतात, फक्त त्या आता काचेच्या धाग्याच्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात दोन मोठ्या तारा तुटल्या तेव्हा भारत, पाकिस्तान आणि आखातात इंटरनेट मंदावले होते.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. माहिती फक्त इथून जाते असे नाही. ती इथे येतेही, आणि त्यावर आपल्या देशाची मोठी कमाई आहे. अमेरिकेतल्या इस्पितळांची बिले, युरोपातल्या बँकांचे हिशेब ऐरोली आणि पुण्याच्या कचेऱ्यांत बसलेली आपली मुले करतात. सॉफ्टवेअर आणि अशा सेवांची निर्यात वर्षाला सुमारे २०० अब्ज डॉलरच्या घरात गेली आहे. प्रत्येक देशाने 'आमची माहिती आमच्याच घरात' म्हणून दारे लावून घेतली तर पहिला फटका आपल्यालाच बसेल. २०१९ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी 'भरवशासह माहितीचा मुक्त प्रवाह' असा विचार मांडला आणि ओसाकाच्या जी-२० परिषदेत त्यावर जाहीरनामा निघाला. भारताने सही केली नाही. माहिती ही नवी संपत्ती आहे आणि नियम जागतिक व्यापार संघटनेत ठरावेत, अशी आपली भूमिका होती. मला ती त्या वेळी योग्य वाटली आणि आजही वाटते, कारण घाईत सही केलेल्या करारातून बाहेर पडणे फार कठीण.

पण त्या घोषणेतला 'भरवसा' हा शब्द वजनदार आहे. आम्ही उर्दू शाळेत 'एतबार' आणि 'अमानत' हे दोन शब्द शेजारी शेजारी शिकलो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिली ती अमानत, आणि ज्याच्या बळावर दिली तो एतबार. या एतबाराला मोठा तडा आपल्याच ठाणे जिल्ह्यात गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेच्या वर मुले-मुली ताब्यात घेतली गेली, सुमारे ७० जणांना अटक झाली. ही मुले अमेरिकेतल्या लोकांना फोन करून आपण तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगत आणि अटकेची धमकी देऊन पैसे उकळत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या कॉल सेंटरांच्या अशाच प्रकरणात ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची नावे, फोन नंबर आणि इतर तपशील माहितीच्या दलालांकडून मिळवले होते. अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात कधीतरी दिलेली माहिती फिरत फिरत इथे आली आणि तिचे हत्यार झाले. त्यानंतर भारतीय बोलीचा फोन आला की तिकडचा माणूस आधी संशय घेतो, आणि त्याची किंमत इमानाने काम करणाऱ्या हजारो मुलांना द्यावी लागते.

याच्या उलट दिशेचा प्रकार म्हणजे कर्ज देणारे ॲप. लॉकडाऊनच्या काळात यांचा सुळसुळाट झाला. तीन-पाच हजारांचे कर्ज, मुदत सात दिवस, त्यातले हजार-पंधराशे आधीच कापलेले. ॲप उघडताना ते फोनमधले नंबर आणि फोटो पाहण्याची परवानगी मागते, आणि गरजू माणूस न वाचता 'हो' म्हणतो. हप्ता चुकला की बायको, सासरे, शाळेचे मास्तर, मशिदीचे इमाम, देवळाचे पुजारी, सगळ्यांना फोन जातात. घाणेरडे जोडलेले फोटो पाठवले जातात. अंमलबजावणी संचालनालयाच्या तपासात यांपैकी अनेकांची सूत्रे चिनी मंडळींच्या हाती असल्याचे पुढे आले. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम केले की कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर व फोटो घेता येणार नाहीत आणि माहिती भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावी लागेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने ९४ कर्जाचे आणि १३८ सट्ट्याचे ॲप बंद केले. तरी नाव बदलून नवे येतातच. आपल्या खेड्यांत अब्रूच्या भीतीने लोक तक्रार करत नाहीत, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो. अशी धमकी आली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. एक पैसाही भरू नये. पैसे भरणाऱ्याला दुसरा फोन हमखास येतो.

आता कायद्याचे पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती परदेशी पाठवायला सरसकट मनाई नाही. सरकार ज्या देशांची नावे जाहीर करील तिथे बंधन, बाकी मोकळे. रिझर्व्ह बँकेचा नियम जिथे कडक आहे तिथे तो कायम राहील. कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण याच कायद्यात सरकारला आपल्या खात्यांना सूट देण्याचाही अधिकार आहे. परदेशी डोळ्यांपासून आडोसा झाला, घरच्या डोळ्यांपासून किती झाला हे कायदा वाचून कळत नाही.

शहापूरच्या माणसाला ही गोष्ट पाण्यावरून लवकर समजेल. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते, भातसाही देते. धरणे आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही आपल्याच तालुक्यात. पाणी जिल्ह्याबाहेर गेले नसते तरी ते नळाने आपल्या घरी आलेच असते असे नाही, त्यासाठी वेगळा पाइप लागतो. माहितीचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या हुकमामुळे आणि इतर कारणांनी ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात माहिती साठवणारी मोठमोठी केंद्रे उभी राहिली. जी नोंद सातासमुद्रापार जात होती ती आता आपल्याच जिल्ह्यात असू शकते. जमीनवाल्याला, वीज कंपनीला आणि ठेकेदाराला त्यातून काम मिळाले. पण इमारत केवढी आणि आत माणसे किती! वीज प्रचंड लागते, हात थोडे लागतात. त्यातल्या माहितीवरून आपल्या दुकानदाराला एक ओळही वाचायला मिळत नाही.

मग काही फायदाच झाला नाही काय? झाला. यूपीआय हे देशी जाळे २०१६ पासून सुरू झाले आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरची दुकानदाराची कटौती शून्य झाली. धसईत मशीनने जे साधले नाही ते कागदावर छापलेल्या चौकोनी चिन्हाने बरेचसे साधले. मात्र तिथेही एक गोम आहे. जाळे देशी असले तरी त्यावरचे ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपांतून होतात. पहिल्याची मोठी मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे, दुसरा तर थेट गुगलचा. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत असा नियम देयक निगमाने २०२० मध्ये केला, आणि अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरपर्यंत नेली. हा नियम पाळला गेला तर एतबार वाढेल. अजून एकदा पुढे ढकलला तर व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आवाज उठवायला हवा.

आखातात कामाला असलेल्यांच्या घरी याचा वेगळाच अनुभव येईल. सिंगापूरशी यूपीआयची जोडणी फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, संयुक्त अरब अमिरातीशी त्याच वर्षी जुलैत करार झाला. पूर्वी मुलाने पैसे पाठवले की मनीट्रान्सफरवाल्याचा हिस्सा जायचा. थेट जोडणीने तो वाचेल, ही चांगलीच गोष्ट. सोबत कोणी कोणाला दरमहा किती पाठवले याची नोंद दोन्ही देशांत राहील. उमऱ्यासाठी पासपोर्ट आणि बोटांचे ठसे आपण देतोच, तिथे इलाजही नाही. पण त्यासाठी एजंटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पासपोर्टाच्या प्रती यात्रा झाल्यावर त्याच्या फोनमध्ये का पडून राहाव्यात, हे आपण त्याला विचारू शकतो.

हाच प्रश्न गिऱ्हाईक आपल्यालाही विचारणार आहे. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून दुकानदारावर पडणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. आपली लाल कापडी बांधणीची खातेवही कायद्यात येत नाही. तीच नावे-नंबर मोबाईलमध्ये किंवा संगणकात चढवले की येतात. छोट्यांना काही सवलत देण्याची सोय सरकारकडे आहे, पण ती मिळेलच असे धरून चालू नये. मोबाईलवरच्या फुकट खातेवहीत उधारीवाल्यांची नावे चढवणाऱ्यांनी तो ॲप कोणाचा आणि नोंदी कुठे ठेवतो ते आधी पाहावे. आणि शाळांचा गणवेश शिवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. शाळा आपल्याला मुलामुलींची नावे, इयत्ता आणि अंगाची मापे संगणकावरच्या यादीत पाठवतात, ती यादी आपण शिलाईवाल्याला पाठवतो, तो भिवंडीला पाठवतो. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला आईबापांची संमती लागणार आहे. जून २०२७ मध्ये शाळा उघडतील तो या कायद्याखालचा गणवेशाचा पहिला हंगाम असेल. शाळेकडून याद्या घेताना पालकांची सही असलेला कागद सोबत मागून घ्यावा, आणि माल पोचता झाल्यावर याद्या फोनमधून पुसाव्यात. आपल्या फोनमधून आणि शिलाईवाल्याच्या फोनमधूनही.